योकोझुना खाली उतरत नाही

११ मे

परवा रविवारी सूमोची मे महिन्याची स्पर्धा सुरू होते. तिकडे तोक्योत पैलवानांची, इकडे ओबिहिरोत माझी.

हातानोताई आज प्रयोगशाळेत म्हणाल्या, "नियम नुसते डोक्यात ठेवलेस ना, तर सोयीने बदलशील. लिहून काढ." त्या चेष्टेनेच म्हणाल्या. पण दुपारभर ते मला बोचत राहिलं. दुधाच्या नमुन्याला प्रत देताना मी कधी मनाने देत नाही, समोर तक्ता असतो. मग इथेच का?

म्हणून लिहिते. ओसोबान या बँडचे नऊ अल्बम आहेत. कागदाच्या कारखान्यात उशिराच्या पाळीला ओसोबान म्हणतात. चौघे त्याच पाळीत भेटले. त्यांच्या अल्बमांची क्रमवारी मी सूमोसारखी लावते. एका महिन्याआड पंधरा दिवस स्पर्धा. रोज संध्याकाळी चहाच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या आणि नावं निघतील त्या अल्बमांचं एकेक गाणं एकमेकांशी लढवायचं. ज्याचे विजय जास्त तो वर चढतो, ज्याचे पराभव जास्त तो खाली येतो. जो आखाड्यात उतरलाच नाही तो हरलेला धरायचा. सर्वांत वर योकोझुना. योकोझुना खाली उतरत नाही. हरत राहिला तर त्याने निवृत्त व्हायचं, मधली वाट नाही. निवृत्त झालेला अल्बम कपाटात जाईल आणि पुन्हा लढणार नाही. अशी वेळ अजून आलेली नाही.

निकाल कान देत नाहीत, हात देतात. गाणं चालू असताना मी बटाटे सोलते किंवा कपड्यांच्या घड्या घालते. ज्या गाण्यात हात आपोआप थांबतात ते जिंकलं. दोन्हींत थांबले किंवा एकातही थांबले नाहीत, तर दोन्ही पुन्हा लावायची. तरीही तेच झालं, तर वरच्या क्रमांकाचा हरला.

ही पद्धत बाबांची. कॉलेजात पहिल्या वर्षी इतर मुलं गाण्यांबद्दल असं काही बोलत, की मला वाटे आपण ऐकलं ते गाणं निराळंच होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. बाबा तर नववीनंतर थेट होडीत, कोंबू म्हणजे खायचं समुद्री शेवाळ काढायला. मला नुसतं "आवडलं" म्हणायलाही पुरावा लागे. तसं फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? कुस्त्या लाव."

योकोझुना आहे «भोंगा», त्यांचा पहिला अल्बम, वीस वर्षांपूर्वीचा. त्यातलं पहिलं गाणं आमच्या किनाऱ्याच्या टोकावर धुक्यात होड्यांसाठी वाजणाऱ्या भोंग्याने सुरू होतं. एकदा मी ट्रकमध्ये लावलं, तर बाबांनी ब्रेक मारला. "हा आपला भोंगा." तेव्हापासून तो त्यांचा पैलवान. बाकी आठांची नावंही त्यांना ठाऊक नाहीत.

१४ मे

«भोंगा» हरला. समोर होता «उसनी छत्री», एप्रिलमध्ये आलेला, तळातून सुरुवात करणारा. छत्रीच्या वेळी साल अर्धवट सुटून तशीच लोंबत राहिली. भोंग्याच्या वेळी सगळे बटाटे सोलून झाले.

१९ मे

आईचा फोन. बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं. उजव्या हाताची शीर गेली आहे. मूठ मध्येच आपोआप सुटते. डॉक्टरांनी सांगितलं, एकट्याने होडीत जायचं नाही. बरं व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.

"मग बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? हसले. डॉक्टरला म्हणाले, यंदाचं कोंबू आणून देतो, सूप चांगलं होतं. होनामि, जुलैत हंगाम सुरू होईल. आम्हा सगळ्यांचं सांगून झालं. आता तू सांग. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील."

मी दूध तपासायला शिकले. हातांबद्दल मला काय कळतं? हे मी आईला म्हटलं नाही. मग फोनवर बाबा आले. मी हवा कशी आहे ते विचारलं. वारा आहे म्हणाले.

"आपल्या पैलवानाचं काय चाललंय?"

"जिंकतोय कमी, हरतोय जास्त."

"वय झालं त्याचं."

"वीसच वर्षांचा आहे, बाबा."

"पैलवानाला खूप झालं ते." मग म्हणाले, "पण खाली नाही ना उतरणार?"

"योकोझुना उतरत नाही. तुम्हीच सांगितलंय."

"हो हो. आपलं विचारलं."

२८ मे

स्पर्धा संपली. «भोंगा»चे पराभव विजयांच्या दुप्पट. नियमाप्रमाणे जागा तीच. छत्री चार पायऱ्या चढली.

हातानोताईंना तक्ता दाखवला. "म्हणजे एवढा हरूनही हा वरच? आमच्या सासूबाई बघ."

१७ जून

काल आणि आज घरी. हंगामाआधी वाळवणाच्या मैदानातलं गवत उपटायचं असतं, खडी सारखी करायची असते. बसमध्ये मी एक वाक्य तयार केलं होतं: बाबा, यंदा होडीत कोणाला तरी बरोबर घ्या. फार कठोर नाही, फार मऊ नाही. "कोणाला तरी" ऐवजी "कुदोकाकांना" म्हणावं का, यात वाटेतलं हिरोओ गाव आलं.

बाबा चहाचा पेला डाव्या हाताने धरतात. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. आईने येता-जाता लावलं, त्यांनी लावू दिलं.

मैदानात आम्ही शेजारी-शेजारी बसलो होतो. मी वाक्य काढायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा गवत जास्त आहे."

"पाऊस झाला ना," बाबा म्हणाले.

शेजारचे कुदोकाका फावडं घेऊन आले. बाबा आत गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईने मलाही सांगितलंय, त्याला थांबव म्हणून. मी कसा थांबवू गं? निघायचं पांढरं निशाण वर गेलं की पहिली होडी याची, पहिली भरून येणारीही याचीच. या किनाऱ्याचा योकोझुना आहे तुझा बाप. आम्ही सगळे त्याच्या मागून निघणारे."

काका सगळ्यांचीच अशी स्तुती करतात. चहा घेऊन गेले.

परतीच्या बसमध्ये मला कळलं की ते वाक्य मी अजूनही मनात घोळवत होते, आणि अजूनही सुधारत होते.

९ जुलै

काल नागोयाची स्पर्धा सुरू झाली, माझीही. «भोंगा» दोन्ही दिवस हरला. आज घडी घालता घालता मी चक्क पुढच्या गाण्याचे शब्द गुणगुणत होते, म्हणजे लक्षच नव्हतं.

आईचा निरोप: पहिल्याच दिवशी होडी अर्धी रिकामी आली. कोंबू पिळून ओढायची काठी लांब असते आणि ती दोन्ही हातांनी फिरवावी लागते. पहिली भरून आली ती कुदोकाकांची. त्यांनी म्हणे किनाऱ्याला लावायला मुद्दाम उशीर केला.

१३ जुलै

बाबांनी स्वतःहून फोन केला. असं ते करत नाहीत. मला वाटलं आईला काही झालं.

"नाही गं, ती बरी आहे. शिव्या देतेय म्हणजे बरीच आहे. एक विचारायचं होतं. आपल्या पैलवानाला स्पर्धा मध्येच सोडता येते का? दुखापत म्हणून?"

"येते. पण उरलेले दिवस हरलेले धरतात."

"योकोझुनाचेसुद्धा?"

"धरतात, पण त्याची जागा जात नाही."

"आणि अशा किती स्पर्धा सोडल्या की लोक बोलायला लागतात?"

मी म्हटलं, त्याला लिहिलेला नियम नाही. पण दोन-तीनदा झालं की सूमोची समिती विचारते. नागोयात या खेपेला कोणी मोठा पैलवान दुखावला असेल, म्हणून विचारत असावेत. मग ते म्हणाले, तीन दिवस होडी काढली नाही, इंजिन नीट चालत नाहीये.

मी सांगितलं की प्लग साफ करून बघा. "बघतो," म्हणाले.

२१ जुलै

उद्या शेवटचा दिवस. मला एक शंका खाते आहे. जे गाणं पाठ आहे, त्याने हात कसे थांबणार? पुढे काय येणार हे हातांना आधीच माहीत असतं. म्हणजे माझी कसोटी जुन्यांवर अन्याय करते की काय? तसं असेल तर या दोन्ही स्पर्धांचे निकाल रद्द करायला हवेत. पण आताच का रद्द करावेसे वाटतात? «भोंगा» हरतोय म्हणून. म्हणजे ते तर आणखीच वाईट.

हातानोताईंना विचारलं. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या. "लग्नाला वीस वर्षं झाली की नवरा घरात आला तरी भाजी चिरणारे हात थांबत नाहीत. म्हणून काय नवरा हरला?"

"म्हणजे तो जिंकला असं धरायचं?"

"म्हणजे त्याला कुस्तीला उतरवायचंच कशाला, बाई?"

त्यासाठी माझ्याकडे नियम नाही.

बाबांना फोनवर कसोटीची शंका सांगितली. ते बराच वेळ हसले. "हात थांबला की जिंकलं? मग मला बसव तुझ्या जागी. माझा हात आपोआप थांबतो, सगळीच गाणी जिंकवीन." मीही हसले. मग लक्षात आलं की हसायला नको होतं, पण तोवर ते आईला हाका मारायला लागले होते.

११ ऑगस्ट

आई म्हणाली, "काल धुकं होतं. तुझे बाबा जरा भिजले."

किती भिजले हे एकेक प्रश्न विचारून काढावं लागलं. काठी हातातून सुटली, ती धरायला वाकले, पाण्यात पडले. कुदोकाकांना आधी काठी तरंगताना दिसली, मग होडी दिसली, होडीत कोणी नाही. बाबा पलीकडच्या बाजूला डाव्या हाताने कडेला धरून होते. काकांनी कॉलरला धरून ओढून घेतलं. हे सगळं आईने हवामान सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "आता तरी सांग त्यांना. अजून दीड महिना हंगाम आहे. पुढच्या वेळी कुदो जवळ नसला तर?"

संध्याकाळी मी बाबांना संदेश लिहिला. मोठा झाला. खोडला. पुन्हा लिहिला, त्यात डॉक्टरांचं नाव दोनदा आलं होतं. खोडला. शेवटी पाठवला तो असा: "बाबा, जपून."

त्यांनी उत्तर म्हणून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

ज्या होडीवर माझं शिक्षण झालं ती होडी थांबवा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मग ते घरात नुसते बसून राहिले तर? डॉक्टरांना ते बघावं लागणार नाही. मला दर सुट्टीत बघावं लागेल. हे कारण स्वार्थी आहे. पण खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

१२ सप्टेंबर

तिसरी स्पर्धा. सुरू झाल्यापासून «भोंगा» एकही कुस्ती जिंकलेला नाही. आज छत्रीशी होती. मी कपड्यांच्या घड्या मुद्दाम सावकाश घातल्या. हे लक्षात आल्यावर दोन्ही गाणी पुन्हा लावली. निकाल तोच.

१५ सप्टेंबर

बाबांचा फोन.

"आज?"

"हरला."

"कोणाशी?"

सांगायला जड गेलं. "सगळ्यात खालच्याशी."

"मग काय ठरवलंस?"

"विचार करतेय."

"किती करशील? समिती तूच, पंचही तूच. तुझ्याशिवाय कोण सांगणार त्याला?"

"पण तो तुमचा आवडता आहे ना, बाबा."

"म्हणून तर विचारतोय." आवाज मोठा नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. "हे बघ होनामि, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तसं सांगणारे इथे खूप आहेत. आणि ओरडून सांगणारी एक आहे. तू दुधाला प्रत देतेस ना, तशी दे."

मी एक दिवस मागितला. "घे," म्हणाले.

१६ सप्टेंबर

सकाळी पूर्ण «भोंगा» ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हातात काही घेतलं नाही. अजून चांगला आहे. वाईट झाला असता तर सोपं होतं. पण लढवण्याजोगा राहिलेला नाही. लढवला की मी त्याच्या बाजूने खोटं मोजायला लागते, आणि मग बाकीच्या आठांवर अन्याय होतो.

बाबांना फोन केला. आगाऊ लिहून घेतलं नाही, तरी अडखळले नाही. निकालाची नोंद म्हणून माझे शब्द इथे लिहिते:

"बाबा, मी ठरवलं. त्याने थांबावं. ही तिसरी स्पर्धा आहे. तो वाईट झालेला नाही. त्याने आजवर जे केलं ते नोंदलेलं आहे, ते कोणी खोडणार नाही. पण यापुढे उतरला तर रोज हरेल, आणि त्याला तसं हरताना बघत राहणं बरोबर नाही."

तिकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी जिंकलं असावं, लोक ओरडत होते.

"घाबरला असं नाही म्हणणार कोणी?"

"नाही. वेळेवर थांबणं हे योकोझुनाचंच काम आहे. बाकीच्यांना तो मान नसतो."

"हं."

"वाईट वाटलं का, बाबा?"

"नाही गं. नीट सांगितलंस. एकदाचं कोणीतरी नीट सांगितलं." मग म्हणाले, "थांब, आईला देतो." पण आई आली नाही. ते तिला काहीतरी म्हणत असल्याचं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

सीडी कपाटात ठेवली. एका अल्बमसाठी बाबांनी एवढं मनाला लावून घ्यावं याचं नवल वाटलं. मला मात्र हलकं वाटलं. संध्याकाळच्या कुस्त्या वेळेवर झाल्या.

१९ सप्टेंबर

आईचा फोन कामावर आला.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय! काल सहकारी संघात जाऊन आले. होडी कुदोच्या नावावर करून दिली. मी विचारलं, असं एकाएकी? तर म्हणाले, होनामिने सांगितलं."

मी म्हटलं, मी काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणाली, "असं कसं? शब्द न् शब्द ऐकवला मला. वेळेवर थांबणं हे म्हणे त्यांचंच काम, बाकीच्यांना तो मान नसतो." आणि ती रडायला लागली. मला वाटलं रागाने. पण ती म्हणाली, "बरं केलंस, पोरी."

घरी येऊन रविवारची नोंद वाचली. मी जे बोलले त्यात अल्बमचं नाव कुठेच नाही.

२० सप्टेंबर

आमच्याकडे एका बाटलीचा निकाल दुसऱ्या बाटलीच्या नावावर गेला, तर ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी कळवायचा नियम आहे. कितीही लाज वाटली तरी. मी काल कळवलं नाही, आजही नाही.

कळवलं तर बाबा म्हणतील, अस्सं होय! आणि होडी परत आणतील. कुदोकाका नाही म्हणणार नाहीत. हंगामाचे दिवस अजून उरले आहेत, धुक्याचेही. नाही कळवलं, तर बाबांनी आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या चुकीच्या चिठ्ठीवर केली आणि ते मला माहीत असून मी गप्प बसले.

हातानोताईंना सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाल्या, "समज, त्यांनी सरळ त्यांच्या हाताबद्दल विचारलं असतं. तू काय सांगितलं असतंस?"

मी म्हटलं, सांगितलंच नसतं.

"ते माहीत आहे गं. सांगितलं असतंस तर काय?"

उत्तर तेच होतं, जवळजवळ शब्दशः. पण उत्तर बरोबर असलं म्हणून बाटली बदलल्याचं लपवायचं का? शनिवारी घरी जाते आहे. सांगणार आहे.

२३ सप्टेंबर

काल पोचले तेव्हा बाबा झोपले होते. त्यामुळे काल सांगता आलं नाही. (झोपले नसते तरी सांगितलं असतं का, ठाऊक नाही.)

आज किनाऱ्यावर माणसं जमली. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पैलवान निवृत्त झाला की त्याचा केसांचा बुचडा कापतात. एकेकाने येऊन थोडे थोडे केस कापायचे आणि शेवटची कात्री गुरूची. बाबा म्हणाले, माझ्या डोक्यावर आहे काय कापायला? मग होडी ओढायचा दोर कापायचं ठरलं. त्यावर आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं.

"धडधाकट दोर! कापायला! कुदोला होडी देताय ती काय दाताने ओढायची त्याने?"

"मग जुना आण ना तो, कोठीमागचा."

"तो उंदरांनी आधीच कापलाय."

"मग निम्मं काम झालं."

तोच आणला. बाबा उपड्या पेटीवर ताठ बसले, गुडघ्यांवर दोर, एक टोक डाव्या मुठीत. आईने त्यांना सणाचा सदरा घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावून. एकेकाने कोंबू कापायच्या सुरीने एकेक पीळ कापला. कुदोकाका आले ते कापायचं सोडून नुसतेच उभे राहिले. बाबा म्हणाले, "काप रे. होडी मिळाली तेव्हा बरा हात पुढे आला." काकांनी कापला आणि तसेच पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. आईने कापताना म्हटलं, "हे सगळं माझं सांगून झालं होतं, मे महिन्यातच," आणि एका घावात दोन पीळ कापले.

शेवटचा राहिला. बाबांनी सुरी माझ्याकडे केली.

मी म्हटलं, "हे गुरूचं असतं."

"माहीत आहे."

मी त्यांच्याजवळ वाकले. सगळे बघत होते, म्हणून हळू बोलले. "बाबा, मी तुम्हाला नव्हतं सांगितलं. मी अल्बमबद्दल बोलत होते."

"मग? मीही अल्बमबद्दलच विचारत होतो."

"नाही, बाबा. खरंच. मला कळलंच नव्हतं. तुम्हाला होडी परत हवी असेल, तर—"

"होनामि." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं असतं, तर तू सांगितलं असतंस का?"

"नाही."

"बघ. म्हणून तसं विचारलं. आता काप, धरून धरून हा हातही जाईल."

मी कापला. दोर जुना होता, फार जोर लागला नाही.

नंतर साके पिणं झालं, कुदोकाका गायले, वाईट गायले. चूक कळवली, एवढी नोंद करते. ती चूक होती का, ते आता नक्की सांगता येत नाही.

२४ सप्टेंबर

सुट्टी एक दिवस वाढवून घेतली. पहाटे पांढरं निशाण वर गेलं आणि होड्या निघाल्या. बाबा ओट्यावर उभे राहून शेवटची दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. आईने दोनदा चहाला बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

कुदोकाका भरून आले. त्यांनी आणायचं, आम्ही वाळवायचं आणि वाटून घ्यायचं, असं दोघांत ठरलं आहे. कोंबूचे ओले पट्टे खडीवर एकेक सरळ पसरायचे, एकाला दुसरा लागू द्यायचा नाही. हे काम बाबांनी कधीच केलेलं नाही. होडी रिकामी केली की ते झोपायला जात. आज वाकून पसरायला लागले.

आई पलीकडून ओरडली, "अहो, चादर अंथरताय का? जवळ जवळ घ्या जरा! पहिलाच दिवस, क्रमवारीत अजून नाव नाही, आणि ऐट बघा."

"शिकेन हळूहळू," बाबा म्हणाले.

माझी ओळ त्यांच्या शेजारी होती. त्यांचा एक पट्टा मधोमध दुमडला होता. दुमडलेल्या जागी ओल राहते, डाग पडतो, मग त्याची प्रत उतरते. मी तो एकदा पाहिला. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पाहिला. ते तिकडे वळल्यावर आपणच सरळ करून टाकावा असं वाटलं.

"बाबा, दुमडलाय."

"कुठं?"

"इथं."

ते गुडघ्यावर बसले, डाव्या हाताने पट्टा सोडवून सरळ केला, उजव्या हाताने दाबून धरायला गेले, तो सुटला, पुन्हा धरला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आता?"

"आता बरोबर," मी म्हटलं. "पण त्याच्या पुढचाही दुमडलाय."